सेन्सरची पाठ

चेतनाने बॅटरीच्या मायनसचा नट सैल केला, वायर ओढून बाजूला घेतली आणि तिच्या टोकाभोवती फडक्याचा तुकडा गुंडाळला. बॉनेटखाली वाकल्यावर डिझेलचा आणि धानाच्या भुशाचा मिसळलेला वास नाकात गेला. गावात मळणी जोरात होती. रस्त्यावर, कौलांवर, झाडांच्या पानांवर कोंडा बसला होता, तसाच तो एअर फिल्टरच्या डब्यावरही बसला होता.

"वायर काढली का?" ईश्वरदासांनी विचारलं. तिचे हे सासरे मडगार्डजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते. पायाशी त्यांची हत्यारं जुन्या खाकी शर्टात बांधून ठेवली होती.

"काढली, बाबा."

"मायनसची ना?"

"हो."

शनिवारी आरोग्य केंद्रातून परत येताना जंगलाच्या पट्ट्यात गाडीने अचानक दम सोडला होता. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. मागे काळा धूर, समोर पिवळा दिवा. दुसऱ्या गिअरवर रखडत चेतना गावापर्यंत आली तेव्हा अंधार पडायला लागला होता आणि स्टिअरिंगवरची तिची बोटं आखडली होती. चंद्रपूरला नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याने, विवेकने, फोनवर सांगितलं, मी आल्यावर बघू, तोवर बसने जा. पण तिकडे जाणारी बस दुपारची, आणि सोमवारी केंद्रात गरोदर बायकांची तपासणी. रक्त तपासणारी ती एकटीच. कोहमाऱ्याचा मेकॅनिक ट्रकांच्या कामात अडकला होता, बुधवारआधी येणार नव्हता. त्यानेच लक्षणं ऐकून सांगितलं की हवेचा सेन्सर घाण झाला असेल. इंजिनात किती हवा जाते हे तो मोजतो, त्याच्यावर धूळ बसली की गाडीचा हिशोब चुकतो. घरी साफ करता येतो, फक्त त्याच्या तारेला बोट लावायचं नाही. अर्जुनीच्या दुकानात त्याचा स्प्रे मिळाला. रविवारी जेवणं झाल्यावर तिने गाडी अंगणात घेतली.

ईश्वरदास सकाळपासून खुशीत होते. त्यांनी एसटीची बस चालवली होती, निवृत्त होईपर्यंत. घरातली ही गाडी मात्र विवेकने घेतली आणि चेतना चालवायची, त्यामुळे गाडीशी त्यांचा संबंध पुसण्यापुरताच उरला होता. आज सुनेने आपणहून हत्यारं मागितली होती.

"आमच्या गाडीले असं काही नव्हतं," ते म्हणाले. "हवा जायची अन् इंजिन चालायचं. कोणी मोजत नव्हतं."

फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड नळीवर सेन्सर बसवलेला होता. चेतनाने त्याची क्लिप दाबून जोड सोडवला. तिने चांदणीच्या तोंडाचा पेचकस मागितला. ईश्वरदासांनी शर्टाची घडी उलगडली, एकेक पेचकस उचलून त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि तिसरा तिच्या हातात दिला. तो बरोबर निघाला. जुन्या ड्रायव्हरची सवय, असं तिला वाटलं.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा तिच्या बोटांतून निसटून खाली पडला. ईश्वरदास खुर्चीवरून उतरून उकिडवे बसले आणि जमिनीवरून तळहात फिरवू लागले. स्क्रू त्यांच्या चपलेला लागून पडला होता, उन्हात चमकत होता. चेतनाने वाकून तो उचलला आणि ताटलीत ठेवला. तिचं लक्ष तेव्हाही कामातच होतं.

सेन्सर अलगद बाहेर आला. काडेपेटीहून थोडा मोठा, काळ्या प्लॅस्टिकचा. एका बाजूला खिडकीसारखी चौकट आणि तिच्या आत केसासारख्या दोन तारा. तारांवर करडा लेप बसला होता, एका तारेला कोंड्याचा कण चिकटला होता. प्रयोगशाळेत काचपट्टी कडेने धरतात तसा तिने तो धरला आणि स्प्रे मारला. करडं पाणी ओघळलं. ती थांबली, पुन्हा मारला. कण सुटला. तारा उघड्या, स्वच्छ दिसायला लागल्या.

तिला बरं वाटलं. एवढंसं काम, पण ते तिने केलं होतं. तिने सेन्सर ईश्वरदासांच्या समोर धरला.

"बघा बाबा, झाला का साफ?"

ईश्वरदासांनी चष्मा नाकावर वर सरकवला, मान पुढे घेतली, नीट पाहिलं.

"चकाचक," ते म्हणाले. "तार कशी चमकून राहिली."

चेतना हसणारच होती. तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. खिडकीची बाजू तिच्याकडे होती. ईश्वरदासांकडे सेन्सरची पाठ होती, सपाट, काळी, वर कंपनीचे आकडे छापलेली.

तिने हात तसाच धरून ठेवला. ते अजून पाहत होते आणि समाधानाने मान हलवत होते.

"हो," ती म्हणाली. "चमकते."

सेन्सर वाळायला तिने ओट्यावर ठेवला आणि हात पुसत बसली. फडकं एकाच बोटावरून पुन्हापुन्हा फिरत होतं.

अंगणाच्या कोपऱ्यात मोपेड उभी होती. रोज सकाळी ईश्वरदास त्या मोपेडवरून चेतनाच्या मुलीला, सोनूला, अर्जुनीच्या शाळेत सोडायचे. येताना सोनू गावातल्या इतर मुलांबरोबर ऑटोने यायची, पण जाताना आबांनीच सोडायचं, हे ती शाळेत जायला लागल्यापासून ठरलेलं. दुसरीतली ती पोर पुढे उभी राहायची, दोन्ही हात हँडलवर. वाटेत बाजाराचा चौक होता, धानाचे ट्रॅक्टर होते, रेल्वेचं फाटक होतं. आणि दिवाळीपासून सासूबाई, सुशिलाबाईही, मागे बसून जाऊ लागल्या होत्या. पिशवी घेऊन, भाजी आणायला. भाजीवाला दारावर येत असताना रोज अर्जुनीला कशाला, म्हणून चेतना वैतागली होती. एका मोपेडवर तिघं जातात, आईंना जरा समजाव, असं तिने विवेकला सांगितलंही होतं.

"वाळला असेल आता," ईश्वरदास म्हणाले.

तिने सेन्सर जागेवर बसवला. "स्क्रू द्या ना, बाबा," ती म्हणाली आणि या वेळी त्यांच्याकडे पाहत राहिली. ताटली त्यांच्या मांडीवर होती. त्यांची बोटं ताटलीच्या कडेपासून आत सरकत गेली, स्क्रूला लागली, थांबली. त्यांनी तो उचलून तिच्या आवाजाच्या दिशेने पुढे केला.

सगळं जोडून झाल्यावर तिने चावी फिरवली. इंजिन एका लयीत सुरू झालं. ईश्वरदासांनी मान तिरपी करून ऐकलं आणि आता बरोबर आहे, असा हात केला. ती तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आली. गाडी पाय ठेवताच ओढत होती, धूर नव्हता, पिवळा दिवाही विझला होता. परत आली तेव्हा ते अंगणाचं फाटक धरून उभे होते. चढावर दाबून पाहिली का, असं त्यांनी विचारलं. पाहिली, ती म्हणाली. मग ते ओसरीवर बसून एकेक हत्यार पुसायला लागले.

सुशिलाबाई स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत होत्या. सोनू शेजारी खेळायला गेली होती. चेतना त्यांच्यासमोर खाली बसली.

"आई, बाबांना दिसत नाही ना?"

सुपातली बोटं थांबली नाहीत.

"दिसते," सुशिलाबाई म्हणाल्या. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या, "धुकं दिसते म्हणतेत. सकारी जास्त."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पावसाळ्यापासून कमी झालं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून जायचे. त्यांच्यासोबतच्या कवडू ड्रायव्हरने डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि त्याचा तो डोळा गेलाच, ते त्यांच्या मनात बसलं होतं. दिवाळीच्या आधी एकदा चौकात मोपेड हातगाडीला घासली. कोणाला लागलं नाही. त्या दिवसापासून सुशिलाबाई मागे बसायला लागल्या.

"मी सांगून राहिली ना त्यायले मांगून," त्या म्हणाल्या. "म्हैस आली, ट्रॅक्टर आला, फाटक बंद आहे. सारं सांगत असते मी."

"आणि एखाद्या दिवशी सांगायला उशीर झाला तर? पुढे सोनू असते, आई."

आता बोटं थांबली. सुशिलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"तूच सांग त्यायले," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाही होत. बसचं स्टिअरिंग सोडून आले त्या दिवशी हा माणूस जेवला नव्हता."

ओसरीवर मघापासून पान्यावर पाना ठेवल्याचा आवाज येत होता. तो थांबला होता. चेतनाने दाराकडे पाहिलं. मग पुन्हा आवाज सुरू झाला, पण खूप हळू.

विवेकचा संध्याकाळी फोन आला. गाडी झाली, एवढंच तिने सांगितलं. दुसरं सांगितलं असतं तर तो फोनवरच वडिलांवर ओरडला असता. जेवताना ती वाक्यं जुळवत राहिली, आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या ताटाकडे पाहिलं की मोडत गेलं. सकाळी निघायच्या आधी सांगायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी ती डबा भरत असताना अंगणातून किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, पुन्हा. ती बाहेर आली. सोनू दप्तर लावून तयार होती. सुशिलाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. ईश्वरदासांनी आणखी एक किक मारली आणि मोपेड स्टँडला लावली.

"गेली हे," ते म्हणाले. "इंजिनच बसलं. आता काही दम नाही हिच्यात."

"कालपर्यंत तर चालत होती, आबा," सोनू म्हणाली.

"जुनी झाली बेटा."

चेतना मोपेडजवळ वाकली. प्लगची टोपी निघालेली होती. निसटून लोंबत नव्हती, तर काढून, वळवून, टाकीखालच्या खाचेत नीट बसवलेली होती. एका बोटाने दाबली असती तर लागली असती आणि मोपेड सुरू झाली असती. ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. ईश्वरदास बाजूला उभे होते. त्यांच्या अंगठ्याला काळं लागलं होतं.

ती उठली.

"मोठं काम दिसते, बाबा," ती म्हणाली.

"मंग. कायले पैसे घालता तिच्यात. ठेवून द्या गोठ्यात. सोनू ऑटोनंच जाईल आता."

"आज मी सोडते तिला. ऑटोवाल्याला सांगते उद्यापासून."

सोनू रुसून गाडीत जाऊन बसली. चेतनाने मोपेड गोठ्याकडे ढकलत नेली, ईश्वरदास मागून कॅरिअरला हात लावून आले. सुशिलाबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, आत गेल्या, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

गाडी सुरू करून चेतनाने काच खाली केली. ईश्वरदास फाटक उघडून उभे होते.

"बाबा, मी या शनिवारी सुट्टी घेते आहे. गोंदियाला जाते आहे, डोळ्याच्या दवाखान्यात. तुम्ही चला सोबत."

फाटकाची कडी त्यांनी वर केली, खाली केली.

"रस्ता माहीत आहे का तुले?" त्यांनी विचारलं.

चेतनाचं माहेर त्याच दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. लग्नात त्या गल्लीत वऱ्हाड घेऊन येणारी बस स्वतः ईश्वरदासांनी चालवली होती.

"नाही माहीत," ती म्हणाली.

"मंग येतो," ईश्वरदास म्हणाले, आणि गाडी जाईपर्यंत त्यांनी फाटक धरून ठेवलं.