लाल्याची खांदमळणी

मी एक जुना लाल्या आहे. नावावरून बैल समजू नका, मित्रांनो. मी चार जाडजूड चाकांची, चिखलातून पळणारी गाडी आहे. शहाणी माणसं मला एटीव्ही म्हणतात. नांदेडजवळच्या एका रिसॉर्टवर माझी उमेदीची वर्षं गेली. अंग प्लास्टिकचं, रंग पिकल्या मिरचीचा. माझ्यावर बसायला पोरं रडायची आणि उतरवताना त्याहून जास्त रडायची. पण मला सावलीत लावायचं काही कुणाला सुचलं नाही. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानं माझा रंग चाटून खाल्ला. मी खडूसारखा पांढुरका झालो, हात लावला की भुकटी लागायची. मग मला कोपऱ्यात ढकललं.

तिथून मला महादेवप्पांनी कंधारकडच्या आपल्या गावी आणलं. त्यांचा पाखऱ्या बैल म्हातारा होऊन गेला होता आणि अप्पांच्या स्वतःच्या गुडघ्यांनीही दगा दिला होता. रानात जायचं तर माझ्यावरच. गाव हसलं. "अप्पा, बेडकावर बसून कुठं निघालाव?" अप्पा हसणाऱ्याच्या धोतरावर चिखल उडवून पुढं जात. लाल्या हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि तेही मी पांढरा पडलेला असताना!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, त्याला खांदमळणी म्हणतात. अप्पा ती माझी करत. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या प्लास्टिकला ते माझे खांदेच समजत. चोळून झालं की वाकून म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्यांची कारभारीण दानम्मा माझ्या सीटवर पुरणपोळी ठेवायची. खायच्या कोंबड्याच, पण मान माझा. अंगावरची हळद चार उन्हांत उडून जायची.

यंदा अप्पा माझ्यावरून नाल्यात पडले. खुबा मोडला. मुलगा शिवशंकर लातूरला नोकरीला. त्यानं ठरवलं, आईवडिलांना लातूरला न्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि मला भंगारात द्यायचं. अप्पांनी एकच हट्ट धरला. "घर बंद कर, मला ने. पन लाल्याला कापायला देऊ नको. चालतं जनावर हाय ते."

"पोळ्यापर्यंत गिऱ्हाईक मिळालं तर देऊ, अप्पा," शिवशंकर म्हणाला. "नाहीतर त्याच दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येईल. मला पुढं सुट्टी नाही."

गिऱ्हाईक मिळालंही. सुदर्शन नावाचा माणूस आपल्या रानात हुरडा पार्ट्या करायचा. पाहुण्यांच्या पोरांना फिरवायला त्याला गाडी हवी होती, पण देखणी. म्हणून अप्पांनी रेडियमच्या दुकानातल्या विरूपाक्षला बोलावलं. त्यानं मला पाणी मारत बारीक पॉलिश कागदानं घासलं. पांढरी भुकटी दुधासारखी वाहून गेली. मग गरम हवेची गन हळूहळू फिरवली आणि आत दडून बसलेला लाल रंग वर आला. बाजेवर बसलेले अप्पा बघतच राहिले. फोटो पाहून सुदर्शनचा फोन आला, सकाळी येऊन घेऊन जातो.

विरूपाक्ष निघताना बजावून गेला, "अप्पा, आज अंगाला काईच लावू नका. उद्या सकाळीच वरून लॅकरचा कोट मारतो, मग रंग पक्का."

पण ती पोळ्याची आदली संध्याकाळ होती. अप्पा काठी टेकत, वाटी घेऊन आले.

"ओ, लावू नका म्हणलंय ना त्यानं?" दानम्मा म्हणाली.

"मळणी चुकवायची व्हय सणाची? चार उन्हांत जातंय की ते."

त्यांनी माझे खांदे चोळले. आवतणही दिलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

पण नुकतंच घासलेलं माझं अंग कोरं होतं, हळद आत मुरली. सकाळी लाल अंगावर पिवळे चट्टे! विरूपाक्षनं साबण लावून खसाखसा घासलं, तर ते तपकिरी होऊन आणखी पसरले. सुदर्शननं माझ्याभोवती फेरी मारली. "फोटोत तर चांगली होती. ही जळून सांधलेली दिसती."

"हळद हाय बाबा ती. उन्हात जाती."

"असंल, अप्पा," असं म्हणून तो निघून गेला.

"चार दिवस थांब रे," अप्पा मुलाला म्हणाले. शिवशंकर वाईट नाही, मित्रांनो. तो खाली बघत म्हणाला, "सुट्टी कुठून आणू, अप्पा?"

दुपारी टेम्पो आला. आत दानम्माचं पुरण अजून शिजत होतं. "पोळी तेवढी होऊ दे," अप्पांनी विनवलं. टेम्पोवाला म्हणाला, "मला बी घरी बैलं धुवायचेत, अप्पा." मला वर चढवलं. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, टेम्पो हलल्यावर तो आपोआप सुटला.

आता मी नांदेडच्या एका भंगाराच्या वाड्यात उन्हात पडून आहे. चाकं काढली आहेत, उद्या-परवा उरलेला मी कापला जाईन. हळद मात्र अप्पा म्हणाले तशीच चार उन्हांत उडाली. लाल रंग लख्ख दिसतो, बघायला कुणी नाही.

मित्रांनो, आपल्या गाड्या सावलीत लावत जा, हे तर सांगेनच. पण कुणाला आवतण दिलं असेल, तर ताट वाढेपर्यंत त्याला दारातून हलवू नका. मी अजून जेवलेलो नाही.