थोरल्यांच्या उंचीची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, सलूनमधली. बिडाचा जाडजूड पाय, तांबडं रेक्झिन, मान टेकायला गादी आणि हात ठेवायला गुळगुळीत लाकूड असा माझा थाट. माझ्यात बसून भल्याभल्यांचे डोळे मिटतात, काही जण तर चक्क घोरतात. अशा खुर्चीने खरं तर आपली कहाणी ऐटीत सांगायला हवी. पण मला ती मान खाली घालून सांगावी लागते आहे. का, ते ऐकलंत की कळेल.

कारखान्यात मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात तेलाचा पंप बसवला होता. बाजूचा दांडा पायाने दाबत राहिलं की मी हळूहळू वर चढत असे आणि दांडा उचलला की सुस्कारा टाकून खाली येत असे. बसणाऱ्याची सोय कुठलीही खुर्ची बघते. मला उभं राहणाऱ्याचीही सोय बघायला शिकवलं होतं. तेवढा एकच माझा मोठेपणा होता आणि तोच मी गमावून बसले.

मला दुकानात आणलं ते मालकांनी. सगळी गल्ली त्यांना थोरले म्हणायची. थोरले हाताचे कसबी, तोंडाचे तिखट आणि अंगाने फारच ठेंगणे. वरच्या फळीवरचा पावडरचा डबा काढायला ते माझ्या पायठाणावर चढत, आणि कुणी हसलं तर त्याचे केस मुद्दाम आखूड कापत. त्यांनी मला अगदी तळाशी नेलं, दोनचार गिऱ्हाइकं करून पाहिली, मग दांड्यात एक लोखंडी खीळ ठोकली. हाताखाली काम शिकणाऱ्या आपल्या मुलाला ते म्हणाले, "ही उंची बरोबर आहे. पुन्हा हिला हात लावायचा नाही."

थोरल्यांपुरतं ते अगदी खरं होतं. ते ताठ उभे राहत आणि गिऱ्हाइकाचं डोकं नेमकं त्यांच्या छातीपाशी येई. शेवटपर्यंत त्यांची कंबर कधी दुखली नाही.

ते गेल्यावर कात्री मुलाच्या हाती आली. त्यांना सगळे धाकटे म्हणत. धाकटे गेले होते आईच्या वळणावर, ताडमाड. दुकानाच्या दारातून आत येतानाही त्यांना मान लववावी लागे. पहिल्याच दिवशी ती खीळ उपटून टाकली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण वडिलांनी ठरवलेली उंची बदलायची म्हणजे वडिलांना चुकीचं ठरवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. रोज सकाळी ते मला पुसत, त्या खिळीलाही मायेने तेलाचं बोट लावत आणि मग दिवसभर माझ्यावर वाकून उभे राहत.

लोक येत, टेकत, डोळे मिटत. "काय हात आहे हो तुमचा," म्हणत उठत. ती स्तुती ऐकून मीही फुगत असे. ज्या पाठीच्या जिवावर ही सगळी चैन चालली होती, तिच्याकडे माझंही लक्ष नव्हतं. हे सांगताना आज मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कंबर दुखायला लागली तेव्हा धाकट्यांनी ती अंगावर काढली. मग एकदा मास्तर दाढीला बसले होते. मास्तर म्हणजे पलीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांना धाकटे सहज बोलल्यासारखं म्हणाले, "कंबर जरा धरलीये." मास्तरांनी घरचा पट्टा आणून दिला. पट्ट्याने भागेना तेव्हा धाकटे कंबरदुखीच्या गोळ्या घेऊ लागले, त्याही उपाशीपोटी. पोट जळायला लागलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांना त्यांनी पोटाचं तेवढं सांगितलं, गोळ्यांचं नाही. काकांनी गुलाबी औषधाची बाटली दिली. जेवण जाईना म्हणून चहा वाढला, चहाने झोप उडाली. झोपेचं गाऱ्हाणं गेलं शेजारच्या शिंप्याकडे, त्याने टाळूवर जिरवायला तेल दिलं. आरशाखालच्या फळीवर पावडर आणि तुरटीच्या शेजारी बाटल्यांची रांग लागली. एकेका दुखण्याला एकेक बाटली आणि एकेका माणसाला एकेक दुखणं, असा धाकट्यांचा कारभार होता. सगळं दुखणं एकत्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी तर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बायको रोज डबा देई. दुपारी तो उघडायचा राहून जाई आणि संध्याकाळी दुकानामागच्या कुत्र्याला मिळे. कुत्रं गोलमटोल झालं, धाकटे वाळत गेले. घरी गेल्यावर मात्र न चुकता म्हणायचे, "आज भाजी छान झाली होती."

एका दुपारी मास्तरांच्या कानामागे वस्तरा चालू असताना धाकट्यांना गरगरलं. मास्तरांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला आणि पांढऱ्या कापडावर रक्त उतरलं. जखम लहानशीच होती. मास्तर म्हणाले, "लागलं थोडं. होतं असं." पण धाकट्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तुरटी लावतानाही त्यांचा हात ठरेना, शेवटी ती मास्तरांनीच आपल्या हाताने दाबून धरली.

मास्तर गेल्यावर धाकट्यांनी वस्तरा पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि दाराचा पडदा ओढला. ज्या हाताचा भरवसा नाही, त्या हाताखाली लोकांनी मान कशी द्यायची? आणि दुसरं कुठलं काम तर त्यांना येत नव्हतं. ते आले आणि माझ्यात बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यात कधी बसले नव्हते. एवढा उंच माणूस, मला वाटलं होतं जड असेल. अगदीच हलके होते. ते वजन अंगावर पडलं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तेवढ्यात पडदा बाजूला करून त्यांची बायको आत आली. ती धापा टाकत होती.

"मास्तर भेटले वाटेत. तुमची कंबर कशी आहे विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, कसली कंबर?"

तिची नजर फळीवर गेली.

"ही बाटली कशाची?"

"पोटाची. औषधवाल्या काकांनी दिली."

"आणि हे तेल?"

"झोप लागत नाही म्हणून. शिंप्याने दिलं."

"म्हणजे मास्तरांना कंबर सांगितलीत, काकांना पोट, शिंप्याला झोप. मला काय सांगितलंत?"

"तुला उगाच घोर नको, म्हणून..."

"मला सांगितलंत, भाजी छान झाली होती." ती बाकड्यावर बसली. "अख्ख्या गल्लीला तुमची खबर आणि घरातली मीच परकी."

धाकट्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "लाज वाटायची गं," ते म्हणाले. "दिवसभर लोक म्हणतात, काय हात आहे. त्या हाताच्या माणसाला धड उभंही राहवत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "कंबर दुखते कशाने?"

"वाकून वाकून."

"मग वाकता कशाला?"

"खुर्ची खाली आहे."

"ती वर होत नाही?"

"होते. पण बाबांनी ती खीळ मारलीये. त्यांची उंची आहे ती."

तिने एकदा खिळीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "अहो, बाबा तुमच्या खांद्यालाही पोचत नव्हते."

धाकट्यांना हसू आलं आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग कंबरेपासून कुत्र्याला घातलेल्या डब्यापर्यंत सगळं त्यांनी तिला सांगून टाकलं. डब्याचं ऐकून ती जास्त दुखावली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले, सगळ्या बाटल्या पिशवीत घालून. तिथे काय झालं ते नंतर धाकट्यांनी मास्तरांना सांगितलं, म्हणून मला कळलं. डॉक्टर म्हणाले होते, "हे सगळं एकाच दुखण्याचं लटांबर आहे. तुम्ही एकेका दुखण्याला वेगळं औषध देत बसलात आणि ती दुखणी एकमेकांना वाढवत बसली." त्यांनी काही गोळ्या बंद केल्या, तपासण्या करून घेतल्या, पाठीचे व्यायाम शिकवले, जेवणाची नि झोपेची वेळ बांधून दिली. वर म्हणाले, आधी त्या खुर्चीचं काहीतरी करा.

मिस्त्री आला. खीळ गंजून दांड्यात बसली होती, पंपातलं तेल सुकलं होतं. त्याने हातोड्याचे घाव घातले. ते मला सुखाचे वाटले असं मी म्हणणार नाही, पण माझ्या वाट्याचे होते. मग धाकट्यांच्या बायकोने स्वतः पाय ठेवून दांडा दाबला आणि मी कुरकुरत वर आले. धाकटे माझ्यामागे उभे राहिले. जमेल तेवढे ताठ.

आता दुपारी दाराला पडदा लागतो आणि धाकटे बसून डबा खातात. गिऱ्हाइकं बाहेर कुरकुर करतात आणि थांबतातही. संध्याकाळी नवराबायको पायी घरी जातात. आज कुठे दुखलं, किती दुखलं, हे ते तिला वाटेत सांगतात. वस्तऱ्याला ते पुष्कळ दिवस शिवले नाहीत. ज्या दिवशी पेटी उघडली, त्या दिवशी मास्तर मुद्दाम दाढी वाढवून आले होते. माझ्यात बसून त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि धाकट्यांचा हात हलला नाही.

पण मित्रांनो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की दुखणं जाईल, पाठीचा बाक जाणार नाही. मी वर आले, ती पाठ वर आली नाही. मला जीभ नव्हती, सांगणार कसं, असं म्हणून मला सुटता येईल. पण रोज सकाळी ती वाकलेली पाठ मला पुसायला येते, तेव्हा ही सबब तोंडावर यायलाही लाजते.

म्हणून तुम्हाला एवढंच विनवते. आपलं दुखणं गावभर तुकड्यांनी वाटत फिरू नका. जेवण, झोप, काम, मन, सगळं मिळून एकच शरीर असतं. त्याचं सगळं गाऱ्हाणं एका जवळच्या माणसाला अथपासून इतिपर्यंत सांगा आणि वेळेवर डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या घरात कुणी दिवसभर तुमच्यासाठी उभं राहत असेल, तर त्याला बसायला जागा करून द्या. मला आपल्या आपण उठता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं.