काही वाटलं तर बोलवा

चष्मेकाकांनी गाडी विकताना कागदावर एक ओळ जास्तीची लिहिली आणि तिथेच सगळं बिनसलं. जुनी गाडी परक्याला विकणारा शहाणा माणूस 'आहे त्या स्थितीत दिली, यापुढे माझा संबंध नाही' असं लिहून मोकळा होतो. तसा छापील मजकूर कागदावर होताच. काकांनी पेन काढलं, त्या ओळीवर सरळ काट मारली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'काही वाटलं तर केव्हाही बोलवा. येऊन बघून देईन.'

यात डाव कसला नव्हता, होती ती हाताची सवय. उभा जन्म त्यांनी चष्म्यांच्या दुकानात काढला होता आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी याच अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. काडी सैल झाली, नाकावर टोचतंय, लहान पोरानं चष्म्यावर बसकण मारली, काहीही होवो, गिऱ्हाईक परत यायचं. काका चष्मा हातात घ्यायचे, स्क्रू पिळायचे, काच पुसून डोळ्यांवर चढवून द्यायचे आणि पैसे विचारले तर रागवायचे. चष्मा विकला की गिऱ्हाईक संपलं असं ते मानतच नसत. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. ती परत घेऊन कुणी येत असेल असं वाटत नाही.

गाडी विकायला लावली ती मुलीनं. दूरच्या शहरात तिचा संसार, तिथून ती रोज फोन करायची. काकांना संध्याकाळचं कमी दिसायला लागलं होतं आणि एकदा त्यांनी स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला. "चष्मेवाल्याचेच डोळे गेले बघा," असं ते स्वतःच सगळ्यांना हसत सांगत सुटले, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची संधी मिळू नये. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घरात टीव्ही दिवसभर चालू असायचा, बघायला नाही, आवाजाला. जेवण ओट्यापाशी उभ्या उभ्या व्हायचं. एकट्यासाठी टेबल पुसायचं, ताट मांडायचं, हा फार मोठा समारंभ वाटायचा त्यांना.

गाडी घेतली एका नर्सबाईनं. पाळ्यांची नोकरी, घरी म्हातारी आई, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी. आठवडाभरातच तिचा फोन आला.

"काका, डावीकडचा आरसा हलतोय हो. तुम्ही लिहिलं होतंत म्हणून केला फोन. राग नाही ना?"

"राग कसला? आलोच!"

राग! काकांनी घाईघाईत शर्ट बदलला, चष्म्याचे बारके स्क्रूड्रायव्हर असलेली चामड्याची पिशवी घेतली आणि दोन बस बदलून गेले. आरसा घट्ट झाला. नर्सबाईच्या आईनं चहा केला. तळमजल्यावरची लहानशी जागा होती ती. खुर्च्यांच्या पाठींवर गणवेश वाळत घातलेले, खिडकीत औषधांच्या बाटल्या, आणि आईचं तोंड जे सुरू झालं ते काकांची बस चुकेपर्यंत थांबलं नाही. निघताना काकांनी म्हातारीचा चष्माही नीट करून दिला. "अगंबाई, तुम्ही एवढे रुबाबदार आहात होय!" म्हातारी म्हणाली आणि काका बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हसत राहिले.

मग कधी वायपर, कधी दाराचं रबर, कधी डिकीचं झाकण. फोन आला की काका निघाले. मुलीला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या डोक्याला कमी ताप होते का?

आणि एक दिवस नर्सबाई म्हणाली, "काका, इंजिनातून टकटक येतंय. उद्या गॅरेजला टाकू का?"

गॅरेजवाला म्हणजे जाणता माणूस. तो एकदा बॉनेट उघडेल, जे काय असेल ते चुटकीसरशी दुरुस्त करेल, आपला नंबर देईल, आणि मग चष्मेकाकांना कोण कशाला बोलावतंय?

"छे, छे," ते म्हणाले. "गॅरेजवाले नुसते लुबाडतात. मी आहे ना. मी बघतो."

आता खरं सांगायचं तर इंजिनातलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, डॉक्टरसारखा कान लावला, हुं हुं केलं, आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पिळला आणि समोरची काच मात्र अशी लखलखीत पुसली की तिच्यात तोंड बघावं. "जुन्या गाडीचा आवाज आहे. चालू दे बिनधास्त." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. परतताना प्रत्येक वेळी त्यांच्या मनाला काहीतरी टोचायचं आणि प्रत्येक वेळी ते स्वतःला म्हणायचे, पुढच्या खेपेला सांगू गॅरेजचं.

ती खेप आलीच नाही. भर दुपारी, भर रस्त्यात इंजिन धूर ओकून बंद पडलं. स्टिअरिंगवर नर्सबाई, शेजारी म्हातारी. मागून हॉर्न, पुढून शिव्या. कुणा अनोळखी माणसाचा हात धरून ती बिचारी फुटपाथपर्यंत आली आणि तिथेच मटकन बसली. इजा झाली नाही, पण भीती अंगात बसली ती बसलीच. गॅरेजवाल्यानं सांगितलं, पहिल्या टकटकीलाच आणली असती तर थोडक्यात भागलं असतं, आता इंजिन बदला. नर्सबाईनं काकांना फोन केला नाही. वकिलाची नोटीस आली. येऊन बघून देईन असं लिहून दिलंत, आवाज येत असतानाही गाडी ठीक असल्याचं सांगितलंत, तेव्हा इंजिनाचा खर्च तुमचा.

नोटिशीनंतर मुलीचा रोजचा फोन सोडला तर घरातला फोन दिवसभर गप्प असायचा. काकांनी तो दोनदा उचलून, चालू आहे ना, हे बघितलं.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलीला सांगावंच लागलं. ती कडाडली, "तुम्ही कशाला जात होतात बाबा उन्हातान्हाचे?" काका म्हणाले, "बोलावत होती गं, नाही कसं म्हणायचं?" हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मुलीनं त्यातून जे घ्यायचं ते घेतलं, शाळेतल्या मैत्रिणीला वकीलपत्र दिलं आणि तारखेला स्वतः हजर झाली.

वकीलबाई हुशार. तिनं उत्तर तयार करून काकांना वाचून दाखवलं. दुकानदारीच्या सवयीनं लिहिलेली ओळ ही हमी नव्हे. वादी बाईनं वयस्कर, दृष्टी अधू झालेल्या गृहस्थांना फोन करकरून भंडावून सोडलं, त्यांच्या भिडस्तपणाचा गैरफायदा घेतला, आणि स्वतः गाडीची हेळसांड केली.

"भंडावून... असं नाही म्हणता येणार," काका चाचरले.

"काका, हाच आपला मुद्दा आहे. तुम्हाला त्रास झाला म्हटलं तरच आपण यातून सुटतो. तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं."

खरं काय ते सांगायचं, तर काकांना ते मुलीसमोर सांगावं लागणार होतं. घरात बोलायला कुणी नाही म्हणून आपण परक्यांच्या दारात स्क्रूड्रायव्हर घेऊन जात होतो, आणि तेवढ्यासाठी त्यांची गाडी बिघडू दिली. हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा 'हो' सोपं होतं. फक्त त्या 'हो'च्या बदल्यात, ज्या एका घरानं त्यांना चहा विचारला होता, त्याच घराला त्रासदायक ठरवायचं होतं.

कोर्टाची खोली एखाद्या टपाल कचेरीइतकीच साधी होती. भिंतीला ओल, पंख्याची कुरकुर, बाकांवर आपापल्या भानगडी घेऊन बसलेली माणसं. नर्सबाई पलीकडच्या बाकावर होती. पाळी संपवून थेट आलेली दिसत होती. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही. शेजारी तिची आई नव्हती. काका तिलाच शोधत होते.

न्यायाधीशबाईंनी दोन्हीकडचं ऐकलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांना उभं केलं.

"वादीच्या फोनचा तुम्हाला त्रास होत होता, असं तुमच्या उत्तरात म्हटलंय. बरोबर?"

वकीलबाईनं मान हलवून 'हो' म्हणा, अशी खूण केली. मागच्या बाकावर मुलगी पुढे झुकून बसली होती. काकांनी तोंड उघडलं, आणि 'हो' काही निघेना.

"नाही," ते म्हणाले.

"काका!" वकीलबाई कुजबुजली.

"त्रास नव्हता मॅडम. मी वाट बघायचो फोनची." ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती. "या बाई गॅरेजला नेणार होत्या. मीच नको म्हणालो. मला इंजिनातलं काही कळत नाही. कळतंय असं दाखवलं. गॅरेजवाल्यानं दुरुस्त केली असती तर मला कुणी बोलावलं नसतं. घरी मी एकटाच असतो. दुसरं काही कारण नाही."

पंखा कुरकुरत राहिला. न्यायाधीशबाईंनी हळूच विचारलं, "याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला कळतंय ना?"

"हो. इंजिनाचं मी देतो. त्यांची चूक नाही, एवढं लिहा."

त्यापुढे मग लिहिण्याशिवाय काही उरलं नाही. नर्सबाईचं म्हणणं मान्य झालं. बाहेर जिन्यापाशी काकांनी तिला गाठलं. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं ऐन वेळी पळालं.

"आई कशा आहेत?"

"गाडीत बसायला घाबरते आता." ती थांबली होती, पण पाय जिन्याच्या पायरीवर होता. "काका, नुसते आला असतात तरी चाललं असतं. आई रोज विचारायची, ते कधी येणारेत म्हणून. गाडी बिघडायची काय गरज होती?"

नुसतं जायचं, हे काकांना सुचलंच नव्हतं. काही सैल झाल्याशिवाय कुणी आपल्याला घरात घेईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं कधी.

"आता मात्र नका येऊ," ती म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. मग ती खाली उतरून गेली.

मुलगी मागे उभी होती. ती रागावेल असं काकांना वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

"मी रोज फोन करत होते, बाबा. रोज विचारत होते, कसे आहात. एकदा तरी सांगायचंत."

"तू निघताना करायचीस गं," काका म्हणाले. "तुझ्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या. मला वाटायचं, उशीर होतोय तिला. मग मी लवकर आटपायचो."

जिन्यावरून माणसं वर येत होती, खाली जात होती, कुणाची फाइल पडली, कुणी उचलून दिली. वकीलबाई काहीतरी सही हवी म्हणून लांबून हाक मारत होती. मुलीनं तिला हातानं थांबवलं. पर्स खांद्यावरून काढून भिंतीपाशी जमिनीवर ठेवली आणि काकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"कसे आहात, बाबा?"

काकांनी सवयीनं आटपायला तोंड उघडलं. ती हलली नाही.

"बरा नाहीये गं," ते म्हणाले.