सात नंबरच्या वर्गातला खांब

मी खांब आहे. धुळ्यातल्या जुन्या दगडी कॉलेजात, खालच्या मजल्यावर, सात नंबरच्या वर्गाच्या बरोबर मध्यावर उभा आहे. सागाचा, चौकोनी, नऊ फूट उंच. माझ्या कपाळाला शेंदूर आहे आणि गळ्यात झेंडूची वाळलेली माळ. ज्यांना वाटतं मी देव आहे त्यांनी आधी माझं ऐकावं, कारण मी देव नाही. मी टेकू आहे.

माझं झाड सातपुड्यात शिरपूरच्या वर होतं. तिथून बैलगाडीने धुळ्याच्या लाकडाच्या वखारीत आलो आणि चार वर्षं पडून राहिलो. छप्पन साली मला जीवराम मिस्तरींनी निवडलं. ते मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलायला अगदी कमी. लाकडाशी मात्र बोलायचे. वखारीत त्यांनी माझ्यावर बोटाची पेरं वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "हाऊ चालई." म्हणजे, हा चालेल.

त्या पावसाळ्यात सात नंबरच्या वर्गावरच्या तुळईला मध्यावर तडा गेला होता. वर लायब्ररीची खोली. तुळई बदलायची तर वरची जमीन उकलावी लागणार, आणि कॉलेज तर आठ दिवसांवर. प्रिन्सिपॉल साहेबांनी विचारलं, तात्पुरतं काही होईल का? मिस्तरी म्हणाले, टेकू देतो, दिवाळीच्या सुट्टीत तुळई बदलू. चार महिन्यांचा प्रश्न.

त्यांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं, ओळंबा लावून उभं केलं आणि डोक्यावर दोन पाचरा ठोकल्या. एकेक ठोका द्यायचे, थांबायचे, कान लावायचे. मग एका ठोक्याला वरचा भार माझ्यावर आला. मला तो क्षण आठवतो. माणसाच्या खांद्यावर कुणी पहिल्यांदा घराची जबाबदारी टाकावी तसं झालं. मिस्तरींनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धर रे भाऊ."

तडा उघडा दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर एक फळी बसवली. इतकी सुबक की जोड दिसेना. आणि रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्याशी आंब्याची पानं बांधली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कुठलाही सुतार नवा खांब उभा करताना हे करतोच. एवढंच झालं होतं.

दिवाळी आली, गेली. तुळई बदलायला कुणी बोलावलं नाही. ते प्रिन्सिपॉल निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले. तडा फळीखाली गेला आणि हळदकुंकू तेवढं वर राहिलं.

पोरांनी मला नावं ठेवली. माझ्यामागचा बाक म्हणजे झोपेचा बाक, कारण तिथून फळा दिसत नसे आणि सरांना तो बाक दिसत नसे. पण परीक्षेच्या सकाळी हीच पोरं मला हात लावून, कुंकवाचा टिळा लावून जायची. एकाला पहिला वर्ग मिळाला, त्याने पेढे आणून माझ्या पायाशी ठेवले. मुंग्यांनी खाल्ले.

मिस्तरी दरवर्षी यायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की, कॉलेज उघडायच्या आत, पिशवीत लाकडी हातोडा घेऊन यायचे. पाचरा ठोकून घट्ट करायचे, बुंध्याशी वाकून माझ्यावर पेरं वाजवायचे, जाताना हात जोडायचे. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. शिपाई लोटन दुरून बघायचा. त्याला हातोडा दिसायचा, पण लक्षात राहायचे ते जोडलेले हात. तो सगळ्यांना सांगायचा, एवढा जुना मिस्तरी, दरसाल दर्शनाला येतो, म्हणजे इथं काहीतरी आहे. मिस्तरींना वाटायचं, तड्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुणाशी बोलले नाहीत आणि कुणी त्यांना विचारलं नाही. अशी छत्तीस वर्षं गेली.

मग ही इमारत नव्या विद्यापीठाकडे आली. ब्याण्णव साली ठरलं की जुने वर्ग नव्या पद्धतीचे करायचे. काचेवर लिहिलेलं भिंतीवरच्या पडद्यावर दाखवणारं यंत्र येणार, ट्यूबलाइट येणार, वर पांढऱ्या पाट्यांचं खोटं छत येणार. कामावर सुकदेव साहेब होता. असोद्याचा शेतकऱ्याचा मुलगा, नुकता इंजिनियर झालेला, स्वभावाने सालस. मजुरांबरोबर बसून भाकरी खायचा. त्याने जुना निळा नकाशा पसरला, माझ्याकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं.

"नकाशात हा खांब नाहीच," तो म्हणाला. "मागून कुणीतरी शोभेला उभा केलेला दिसतो. पडद्याच्या आड येतो. काढून टाकू."

लोटन पुढे झाला. म्हणाला, साहेब, हा देव आहे, हलवू नका. सुकदेव हसला नाही. त्याने लोटनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मामा, तुमच्या देवाचा मान आम्ही राखू, बाहेर निंबाखाली ओटा बांधून तिथं बसवू. लोटनचं समाधान झालं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, माझा मान राखू नका, माझं काम बघा. पण लाकडाला तोंड नसतं.

मे महिन्याच्या एका सकाळी पूजा झाली आणि मजुरांनी पाचरा काढायला घेतल्या. त्या निघेनात. मला ढकललं, मी हलेना. हलणार कसा, अख्खी लायब्ररी माझ्या डोक्यावर बसलेली. मजूर म्हणाले, देव जायला तयार नाही. लोटनने दुसरा नारळ फोडला. सुकदेव म्हणाला, इतक्या वर्षांच्या रंगाने चिकटलाय, खालून कापा.

करवतीने माझा चार बोटं पाय कापला. मी निसटलो, आणि निसटताना वरून तुळई बोटभर खाली आली. मूठभर चुना माझ्या कपाळावर पडला. सगळे क्षणभर वर बघत राहिले. मग काहीच झालं नाही. सुकदेव म्हणाला, "पाहिलं? काही झालं नाही."

तुळई जागच्या जागी थांबली होती. पण तिच्या आतून येणारा आवाज मी ओळखत होतो. दाणा चावताना दाताखाली खडा यावा तसा बारीक आवाज. नंतर त्यावर पांढऱ्या पाट्या बसल्या आणि तो कुणाला ऐकू येण्याची सोय राहिली नाही. वरच्या मजल्यावर नवी फरशी आली. पुस्तकांसाठी चौदा लोखंडी कपाटं आली. निंबाखालच्या ओट्यावरून मी ती एकेक जिना चढताना मोजली.

माझी तिथं बडदास्त चालली होती. रोज ताजं फूल. माझा कापलेला पाय मात्र ओल्या मातीत होता. पहिल्या आठवड्यातच वाळवी आली.

जुलैत वर्ग सुरू झाले. सात नंबरची खिडकी निंबासमोरच होती. पांढऱ्याशुभ्र खोलीत एम. ए.ची साठ पोरंपोरी बसलेली दिसायची. पहिल्या बाकावर लोटनची मुलगी प्रमिला. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. तिला तिथं बसलेलं बघायला लोटन दिवसातून चार वेळा खिडकीशी यायचा. मला तिच्या डोक्याच्या बरोबर वरची जागा दिसायची. पांढऱ्या पाटीला तिथं पोट आलं होतं. आज जेवढं होतं, त्यापेक्षा उद्या केसभर जास्त.

त्या साली आखाजीला मिस्तरी आले नव्हते. चाळीसगावला मुलीकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात तीच पिशवी. फाटकातून आत आले आणि निंबाखाली मला पाहून थबकले. जवळ येऊन हाताने चाचपलं. डोक्याशी पाचरांची खाच लागली, खाली करवतीची धार लागली. मग त्यांनी माझ्याच ओट्यावर बसकण मारली.

लोटन माझा मानपान सांगायला हौसेने धावत आला. "बठ्ठा मानपान करीसनच आनेल शे आबा त्याले."

मिस्तरींनी सात नंबरच्या खिडकीकडे पाहिलं. मग विचारलं, "तुनी पोर कथी शे, लोटन?"

"सात नंबरमा," लोटन अभिमानाने म्हणाला. "पहिला बाकवर."

मिस्तरी उठले. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाईने चालताना कधी पाहिलं नव्हतं. सुकदेव साहेब त्या दिवशी व्हरांड्यातच होता. मिस्तरींनी त्याला गाठलं आणि म्हणाले, वर्ग रिकामा करा. का म्हणून विचारलं तर त्यांना धड सांगता येईना. खांब, एवढंच म्हणत राहिले. सुकदेवला वाटलं, म्हातारा श्रद्धेने बोलतोय.

"आबा, खांब नकाशातच नाही," त्याने समजावलं.

मिस्तरींनी चष्मा काढला. "साहेब, नकाशात तडाही नाही."

सुकदेवने दारातून वर्गाच्या छताकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी खिडकीच्या या बाजूने पाहत होतो. त्याने शिडी मागवली. शिकवणाऱ्या सरांना राग आला, पोरं खिदळली, मागून कुणीतरी म्हणालं, देव रुसला वाटतं. सुकदेव शिडीवर चढला, एक पाटी बाजूला सरकवली आणि बॅटरी लावली. मिस्तरींनी बसवलेली फळी निसटून लोंबत होती. तिच्या मागच्या फटीत सुकदेवचा पंजा मनगटापर्यंत गेला. त्याने तो जपून बाहेर काढला. मग खाली उतरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सगळे बाहेर या. पळू नका. चालत या."

प्रमिला पहिली बाहेर आली. लोटनने तिचं मनगट धरलं आणि दुपारपर्यंत सोडलं नाही.

त्याच दिवशी निम्मी कपाटं खाली आली आणि मी पुन्हा आत गेलो. मिस्तरींनी माझा बुंधा तपासला. वाळवीने पोखरलेला वीतभर भाग कापून टाकला, खाली दगड बसवला, पाचरा ठोकल्या. मग वाकून पेरं वाजवली. पुन्हा वाजवली. त्यांचा चेहरा उतरला.

"वाळवी आत गेलीय," ते सुकदेवला म्हणाले. "याच्यावर विसंबू नका, साहेब. दिवाळीपर्यंत. पुढे नाही."

सुकदेवने शब्द दिला. लोखंडी गर्डरसाठी त्याच दिवशी लिहितो म्हणाला, आणि लिहिलंही. मिस्तरींनी मात्र या वेळी एक गोष्ट केली, जी छप्पन साली केली नव्हती. पिशवीतून पटाशी काढली आणि माझ्या छातीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत कोरलं: तडा आहे. दिवाळीला बदलणे. लिहिणं त्यांच्या हातचं नव्हतं. एवढ्याला त्यांना तासभर लागला. प्रत्येक अक्षर मला लागलं, पण बरं वाटलं. छत्तीस वर्षांनी मला तोंड फुटलं होतं.

गणपतीत सुकदेव साहेबाची बदली झाली. गर्डरचा कागद कुठल्या टेबलावर राहिला, मला ठाऊक नाही. पांढऱ्या पाट्या माझ्या डोक्याभोवती नीट कापून बसवल्या गेल्या. पडदा कोपऱ्यात सरकवला. दिवाळीच्या सुट्टीत कपाटं पुन्हा वर गेली. पुढची आखाजी आली, पण हातोडा आला नाही. मिस्तरी चाळीसगावलाच वारल्याचं लोटनने कुणाला तरी सांगताना ऐकलं. त्या रात्री माझ्या पाचरांना कुणीच कान लावणारं उरलं नाही, हे मला कळलं.

आणि लोटन. त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. देवाला हलवलं म्हणून संकट आलं, देव परत बसला म्हणून पोर वाचली. त्याने तेलात शेंदूर कालवला आणि दर शनिवारी माझ्या छातीवर लावू लागला. थरावर थर. मिस्तरींची अक्षरं आधी बुजली, मग दिसेनाशी झाली. त्याचा हात फार मायेने फिरतो, म्हणून रागही धरवत नाही.

आज चौऱ्याण्णव साल आहे. दोन दिवाळ्या गेल्या. माझ्या पायाशी रोज सकाळी चिमूटभर माती असते. लोटन ती झाडून टाकतो.

प्रमिला आता इथंच शिकवते, तासावर. माझ्या शेजारी उभी राहून शिकवते, कधी बोलता बोलता माझ्यावर हात टेकते. परवा ती वर्गात लवकर आली. बाप झाडत होता. तिने विचारलं, "बापू, ही माती रोज इथंच कशी येते?"

"पोरंस्ना चपलास्नी," लोटन म्हणाला.

ती माझ्याजवळ आली. शेंदराच्या थराला एक चीर गेली आहे, तिथं तिने नख लावलं. एक कपची उडाली. खाली पटाशीचा एक काप उघडा पडला. तिने डोळे बारीक केले.

"हात नको लाऊ," मागून लोटन म्हणाला. "देव शे तो."

तिने हात मागे घेतला. तेवढ्यात पोरं आत आली, साठ जण, बाक सरकले, आणि तिने खडू उचलला.

प्रमिला, तू शिकलेली आहेस. बाप बाजारात गेला असेल तेव्हा ये. ती कपची उडाली तिथून सुरुवात कर, नखाने नाही निघालं तर चाकू घे. चारच शब्द आहेत. ते वाचलेस की खाली वाक आणि माझ्या पायावर बोटाची पेरं वाजव. आवाज पोकळ येईल. मग पळू नका. चालत बाहेर जा.

तोवर मी धरतो.