पाळीवरचे एकोणीस

आमच्या युनियनच्या सभेत मी हजेरी घेते. जो हॉलमध्ये असतो तो "हजर" म्हणतो. जो त्या वेळी खाणीत असतो त्याच्या नावावर बाकीचे ओरडतात, "पाळीवर!" एकोणीस मेलेल्या माणसांच्या नावांवरही हेच उत्तर येतं. वीस वर्षांपूर्वी सात नंबरच्या बोगद्यात स्फोट झाला, आग विझेना म्हणून कंपनीने बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली आणि आमची माणसं आतच राहिली. दफन झालं नाही तोवर नाव खोडायचं नाही, असं तेव्हा ठरलं. त्यांत माझा नवरा बर्ल आहे. मी चिटणीस, म्हणून त्याचं नाव मीच वाचते. सवय झालीय, असं लोकांना सांगते.

खाणीत प्रत्येकाचे पितळी बिल्ले दोन. एक कमरेच्या पट्ट्याला रिव्हेट मारून पक्का केलेला, दुसरा सुटा. खाली उतरताना सुटा बिल्ला फळ्यावर टांगायचा, वर आलं की काढून घ्यायचा. बिल्ला फळ्यावर उरला म्हणजे माणूस आत उरला. त्या एकोणीस जणांचे सुटे बिल्ले आमच्या हॉलच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेत. पट्ट्यावरचे त्यांच्याबरोबर गेले.

मतदानही आम्ही सुट्या बिल्ल्यांनीच करतो. जेवणाचे दोन डबे ठेवायचे, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा. कागद हवे तेवढे छापता येतात, पितळ नाही. मोजून झालं की मी नंबर पुकारते आणि ज्याने त्याने आपला बिल्ला घेऊन जायचं.

त्या ऑक्टोबरात प्रश्न क्लेटन प्रुइटचा होता. त्याला राज्याच्या राजधानीत, चार्ल्सटनच्या विधानसभेत जायचं होतं. आमचा हॉल 'हो' म्हणाला की युनियनच्या निवडणूक फंडातले चाळीस हजार डॉलर त्याचे आणि दोनशे माणसं त्याच्यासाठी दारोदार फिरणार. या पाठिंब्याशिवाय आमच्या मतदारसंघात कुणी निवडून आलेलं मला आठवत नाही. पण जानेवारीत कंपनीचं एक विधेयक येणार होतं. खाणीतून बाहेर पडायची दुसरी वाट खणणं पाच वर्षं लांबवायचं, असं ते विधेयक. प्रुइट त्याला हात वर करणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बर्लला दुसरी वाट असती तर आज तो अंगणात बसून माझ्याशी भांडत असता.

गुरुवारी आमचा अध्यक्ष एस्टेल रन्यन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"प्रुइट काही देवदूत नाही गं, ओलिटा," तो म्हणाला. "पण दगडापेक्षा वीट मऊ. हा निदान आपला फोन तरी उचलतो."

"आणि दुसरी वाट?"

"होईल की पाच वर्षांनी." तो कॉफी ढवळत राहिला. "कंपनीशी बोललोय मी. डेन्व्हरला सोमवारपासून वर घेतात. कोळसा धुवायच्या शेडमध्ये, कायमचा. तू फक्त सभेत अळीमिळी गुपचिळी. तुझ्यासारखी उठून बोलली की सगळे विरघळतात."

डेन्व्हर माझा एकुलता एक. चोवीस वर्षांचा, दुसऱ्या पाळीला, बापाच्याच खाणीत. मी हो म्हटलं. लाज वाटली, तरी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी सभा भरली. मी तोंड उघडलं नाही. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देतात त्या दिवाघरात मी नोकरी करते, म्हणून माझाही बिल्ला आहे. तो मी 'हो'च्या डब्यात टाकला. सगळ्यांचं झाल्यावर 'हो'चा डबा उपडा केला. एकसष्ट. 'नाही'चा उपडा केला आणि बिल्ल्यांबरोबर टेबलावर काळं पाणी पसरलं.

"कॉफी सांडली कुणी तरी," मागून आवाज आला. वास कॉफीचा नव्हता. विझलेल्या आगीचा होता.

मी नंबर पुकारायला लागले. सत्तेचाळीस जण उठून आपापला बिल्ला घेऊन गेले. वीस उरले.

"एकशे बारा."

कुणी उठलं नाही.

"दोनशे सहा."

समोरचा एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. तो त्याच्या आत राहिलेल्या भावाचा नंबर होता.

उरलेल्या प्रत्येक बिल्ल्यात रिव्हेट होतं. भिंतीवरचे एकोणीस जागच्या जागी, कोरडे होते.

"कुणी तरी बनवून आणलेत," एस्टेल म्हणाला. "काय हा आचरटपणा!"

मी तीनशे एकतीस उचलला. मागे खिळ्याने कोरलेलं वाकडं फूल होतं. लग्नाच्या रात्री बर्लने ते कोरलं, मला दाखवलं आणि मग बिल्ला पट्ट्यावर ठोकला. ते जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

विसावा बिल्ला पाचशे अठरा. डेन्व्हरचा. दोन वाजता तो घरातून निघाला तेव्हा हा बिल्ला त्याच्या कमरेला होता.

मी खाणीवर फोन लावला. पलीकडे दिवाघर.

"डेन्व्हर? आत्ताच वर पाठवलाय त्याला. पट्ट्यावर बिल्लाच नाही. चामडं धड, भोक धड, बिल्ला तेवढा गायब. बिनबिल्ल्याचा माणूस खाली ठेवता येतो का? बसलाय इथे शिव्या घालत."

मी जमिनीवर बसून रडले. सगळ्यांसमोर.

एस्टेलने मला उठवलं. हळू आवाजात म्हणाला, "पोरगा सुखरूप आहे ना? मग हे वीस बाजूला ठेव. एकसष्ट विरुद्ध सत्तेचाळीस. लिही."

पेन हातात होतं. लिहिलं असतं तर सोमवारपासून डेन्व्हर उन्हात असता. पण त्याच्या पाळीतले बाकीचे तीस खालीच होते, आणि माझ्या मुठीतून पाणी ठिबकत होतं.

"एस्टेल," मी म्हटलं, "दर महिन्याला मी ही नावं वाचते, आणि पाळीवर म्हणून सगळ्यांत मोठ्याने तू ओरडतोस. मग आज ते सभासद नाहीत?"

मी वही पुढे ओढली.

"सत्तेचाळीस आणि एकोणीस, सहासष्ट," मी म्हटलं आणि तसं लिहिलं. डेन्व्हरचं धरलं नाही. तो जिवंत आहे. त्याचं मत त्याने स्वतः येऊन टाकावं.

प्रुइट पडला. जानेवारीत विधेयकही पडलं. कोळशाच्या शेडचा विषय पुन्हा निघाला नाही. सभेनंतरच्या सोमवारी डेन्व्हरने तोच बिल्ला नव्या रिव्हेटने ठोकला आणि खाली गेला. मी त्याच्या डब्यात पेपरोनी सॉसेज भरलेले दोन पाव जास्त ठेवले, त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

नोव्हेंबरच्या सभेत मी वाचलं, "बर्ल व्हार्नी."

"पाळीवर!"

"डेन्व्हर व्हार्नी."

"पाळीवर!"

तोच शब्द, तेच गळे. मला भिंतीकडे बघवेना, पण बघितलं. एकोणीस बिल्ल्यांच्या पुढे विसावा खिळा होता. रिकामा. तो कुणी ठोकला, कुणालाच माहीत नाही.

सभा संपली की मी तो उपटून घरी नेते. पुढच्या सभेला तिथे पुन्हा खिळा असतो. दुसरी वाट खणायला घेतलीय, पूर्ण व्हायला अजून चौदा महिने आहेत.