ज्वारीच्या कणसाची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. सुरतेला कतारगाममध्ये एका दुमजली चाळीच्या खालच्या खोलीत मी राहते. माझ्या मधोमध पिवळ्या दोऱ्याने भरलेले ज्वारीचे एक कणीस आहे. बघणारा आधी त्या कणसाकडे बघतो आणि मग विचारतो, "हे कोणी केलं?" ती हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म १९९५ सालच्या हिवाळ्यातला. हिलालभाऊ आणि भागीरथीबाई हे नवराबायको खानदेशातल्या पारोळ्याकडचे. लग्नानंतर दोघे सुरतेला आले. हिलालभाऊ लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात कामाला होते. इथे कारखान्याला खाते म्हणतात. बारा तास उभे राहून ते एकटे आठ लूम सांभाळत. भागीरथीबाई घरी बसून नव्या साड्यांचे लोंबते धागे कापत. त्यांची मुलगी गायत्री मराठी शाळेत सातवीत होती. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तिन्ही बोली तिला सारख्याच येत.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून खाते सुरू झाले, त्याच आठवड्यात हिलालभाऊ कापडाचे तागे खांद्यावर घेऊन जिना उतरताना पडले. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर बसले आणि डॉक्टरांनी तीन महिने खाटेवरून हलायचे नाही असे सांगितले.

त्या साली सुरतेला थंडीही कधी नव्हे इतकी पडली. सकाळी नळाचे पाणी हाताला चावे. दुपारीसुद्धा लोक मफलर बांधून फिरत. घरात पांघरायला एकच सतरंजी आणि एक फाटकी चादर होती. भागीरथीबाईंनी पेटीतून आपल्या आईची दोन जुनी लुगडी काढली, त्यांचे चार पदर एकावर एक अंथरले आणि वर साड्यांच्या चिंध्या जुळवायला घेतल्या. जांभळी, राणी रंगाची, चटणीच्या रंगाची, बुट्ट्यांची, पट्ट्यांची, अशा सुरतेच्या कितीतरी साड्यांचे काठ आणि तुकडे माझ्या अंगावर आहेत. चाळीच्या अंगणात ऊन आले की त्या मला पसरत आणि एका कडेने धावदोरा घालत जात. शेजारच्या बायाही आपापले काम घेऊन येत. गायत्रीच्या वर्गशिक्षिका शैलजाबाई पलीकडच्या गल्लीत राहत. रविवारी त्याही लोकरीचे गुंडे घेऊन येऊन बसत. भागीरथीबाई त्यांना धावदोरा शिकवत आणि त्या भागीरथीबाईंना विणकाम. दोन सुलट, दोन उलट. मध्येच कोणीतरी गरम पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणि शेव आणी. मग सुया बाजूला पडत आणि ओंजळी भरत. अंगणात नुसता हसण्याचा आवाज असे.

हिलालभाऊंची खाट दाराशीच होती. त्यांना हे सगळे दिसत होते, पण त्यांचे मन कशात नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून पडत. चहा गार झाला म्हणून एकदा त्यांनी कप भिरकावून दिला. गायत्री बापाच्या भीतीने धडा मोठ्याने वाचेनाशी झाली. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. हा पाय थोडा आखूड होणार, बारा तास उभे राहण्याचे काम पुन्हा जमणार नाही, असे डॉक्टर त्यांना बोलले होते. दुसरे काम त्यांना येत नव्हते.

एका दुपारी भागीरथीबाईंनी माझी एक कड त्यांच्या मांडीवर टाकली.

"दिनभर भिंतकडे काय देखतस? हाई सुई धरा."

"हाई बायास्नं काम शे," हिलालभाऊ म्हणाले आणि त्यांनी मला ढकलून दिले.

"आन् कापड विणनं? वीस वरीस तेच करं ना तुम्ही?"

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवले. सुई मात्र खाटेवरच राहिली.

त्याच आठवड्यात गायत्री मॅटीचे कापड घेऊन रडत बसली होती. शैलजाबाईंनी वर्गाला फुलीच्या टाक्यांचे काम दिले होते. प्रत्येक फुली चार धागे मोजून घालायची. गायत्रीचा पोपट चोचीपाशी बिघडला होता आणि चूक कुठे आहे ते तिला सापडत नव्हते.

"आण इकडे," हिलालभाऊ म्हणाले. त्यांनी कापड डोळ्यांजवळ धरले, नखाने धागे मोजले. "खालून सहावी ओळ. इथं चारऐवजी पाच धागे घेतले तू. पुढचं सगळं त्यानं सरकलं."

"तुम्हाला कसं कळलं, पप्पा?"

"उभा धागा, आडवा धागा. दुसरं काय पाहिलं मी आयुष्यात?"

त्यांनी सहावी ओळ उसवली आणि तिला दाखवता दाखवता स्वतःच दहा-बारा फुल्या घातल्या. बोटे जाड होती. सुई दोनदा टोचली. पण दुसऱ्या दिवशी गायत्री शाळेत गेल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली आणि म्हणाले, "त्या कापडाचा उरलेला तुकडा कुठं आहे?"

गायत्रीच्या नमुन्यांच्या पुस्तकात गुलाब होते, पोपट होते, टोपल्या होत्या. त्यातले काहीच त्यांना नको होते. त्यांनी गायत्रीच्या गणिताच्या वहीतली चौकटींची दोन पाने मागून घेतली आणि पेन्सिलने गावच्या शेतातले ज्वारीचे कणीस काढले. एक दाणा म्हणजे चार फुल्या. पहिल्या पानावरचा नमुना कापडावर भरायला त्यांना आठ दिवस लागले. चुकले की ते स्वतःवर चिडत, उसवत, पुन्हा घालत. तरी त्या आठ दिवसांत त्यांनी एकदाही भिंतीकडे तोंड केले नाही. हळूहळू बोटांना सवय झाली. दोरा ओवताना ते जुनी गाणी गुणगुणू लागले. "वर पिवळा लागेल की केशरी?" असे ते बायकोला विचारत आणि दोघांचा त्यावर चांगलाच वाद होई. संक्रांतीला सारी चाळ पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, गेली. हिलालभाऊ खाली एकटेच होते. मला वाटले, आज यांना वाईट वाटेल. पण वरचा आरडाओरडा ऐकत ते मजेत दाणे भरत होते. संध्याकाळी कणीस पुरे झाले. त्यांनी कापड उलटे करून मागची बाजू तपासली, पुन्हा सुलटे केले आणि स्वतःशीच हसले.

भागीरथीबाईंनी तो चौकोन माझ्या मधोमध बसवला आणि चारही कडांना हिरव्या लोकरीची विणलेली किनार लावली. मी तयार झाले.

हिलालभाऊंची मात्र पहिल्यापासून एक अट होती. त्यांचे सोबती सुकदेव त्याच खात्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, होते, ते दर दोन दिवसांनी भेटायला येत. त्यांची किंवा अंगणातल्या बायांची चाहूल लागली की हिलालभाऊ काम उशीखाली सरकवत. गायत्रीला त्यांनी शपथ घातली होती, "मी शिवतो हे बाहेर बोलायचं नाही. तुझ्या बाईंनासुद्धा नाही."

फेब्रुवारीत शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले. शैलजाबाईंनी मला अंगणात पाहिलेच होते. त्यांनी मला मागून नेले आणि वर्गात सर्वांसमोर पसरले.

"गायत्री, कणसाच्या फुल्या इतक्या एकसारख्या! एकसुद्धा टाका वाकडा नाही. पहिला नंबर तुझाच ठरतोय बघ."

गायत्री उभी राहिली.

"बाई, ते मी नाही केलं. पप्पांनी केलंय."

मुली खुदखुदल्या. शैलजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "पूर्ण नाव काय पप्पांचं?" आणि माझ्यावर लावलेल्या चिठ्ठीवर लिहिले : भागीरथी पाटील व हिलाल चिंधा पाटील. नंबर दुसऱ्या मुलीला गेला.

प्रदर्शन बघायला अर्धी चाळ गेली होती. बातमी घरी पोहोचायला वेळ लागला नाही. हिलालभाऊ संतापले.

"तुला सांगितलं होतं ना! आता खात्यात लोक मला काय म्हणतील?"

गायत्री रडली नाही. ती म्हणाली, "पप्पा, बक्षीस माझ्या नावानं मिळालं असतं. मग ते घरी आणून मी तुमच्यासमोर कसं ठेवलं असतं?"

त्या दिवशी हिलालभाऊ नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुकदेव आले. हिलालभाऊंनी अंगावर चादर ओढली आणि झोपल्याचे सोंग केले. सुकदेव खाटेच्या कडेला बसले. त्यांनी गळ्यातला मफलर सोडला आणि हिलालभाऊंच्या छातीवर ठेवला.

"इथून उसवलाय. जमेल का?"

हिलालभाऊंनी डोळे उघडले. "थट्टा करायला आला का रे?"

"थट्टा कशाला करू? घरात कोणाला येत नाही." मग ते जरा पुढे सरकले. "एक सांगायचंय. आपला लोटू गावी निघून गेला, आता परत यायचा नाही. सांधणीला माणूस पाहिजे. मी शेठला तुझं नाव सांगितलं."

मित्रांनो, सांधणी म्हणजे काय ते सांगते. लूमवर नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, चढला की त्याचे हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून जोडावे लागतात. ते काम बसून करायचे असते, पण त्याला नाजूक बोट लागते.

"मन्हा हात जाड शेतस," हिलालभाऊ हळूच म्हणाले.

"कणसाला नव्हते का?"

हिलालभाऊंनी मफलर हातात घेतला आणि उसवलेली जागा शोधू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. सुकदेव दाराबाहेर बघत बसले.

मार्चमध्ये हिलालभाऊ काठी टेकत खात्यात गेले. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. धागे तुटत, गुंतत, नवखी पोरे त्यांच्याआधी बीम पुरा करून उठत. पण ते चिवट होते. पावसाळा येईपर्यंत त्यांचा हात बसला.

पुढची दोन वर्षे मी भरपूर काम केले. गायत्रीला मलेरिया झाला तेव्हा तिची थंडी मी अंगावर घेतली. पाहुणे आले की मला मुद्दाम वर ठेवत. पण मग घरात एक मखमली ब्लँकेट आले, त्यावर वाघाचे चित्र होते. ते मऊ होते आणि नवे होते. मला गादीखाली टाकले. पुढे माझ्यावर इस्त्री करू लागले. एकदा इस्त्री तशीच राहिली आणि माझा राणी रंगाचा काठ जळला. कोणी मुद्दाम केले नव्हते, म्हणून मीही रागावले नाही. पण माझी कोणाला आठवण राहिली नव्हती, एवढे खरे.

१९९८ च्या सप्टेंबरात तापीला पूर आला. चाळीत छातीइतके पाणी शिरले. माणसे अगाशीवर गेली, सामान खालीच राहिले. मी गाळात बुडून पडले. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी भिजलेल्या गाद्या आणि कपडे गल्लीच्या तोंडाशी टाकले. त्या ढिगात मीही होते. भागीरथीबाईंनीच मला टाकले. गाळाने मी इतकी जड आणि काळी झाले होते, की ही आपली गोधडी, हे त्यांना कळलेच नाही.

ढीग उचलायला गाडी आली होती. हिलालभाऊ लंगडत जवळून जात होते. एका कोपऱ्यात चिखलाखाली त्यांना पिवळे काहीतरी दिसले. त्यांनी वाकून बोटाने गाळ पुसला.

"थांबा!" ते गाडीवाल्याला ओरडले. "ही नाही न्यायची. माझ्या घरची आहे."

मला धुवायला तीन दिवस लागले. हिरवी किनार आखडून दोरीसारखी झाली होती, ती काढून टाकावी लागली. आतली लुगडी कुजली होती, तीही गेली. वरचा पदर तेवढा उरला. सगळी चाळ हेच भोगत होती. पांघरायला कोणाच्याच घरात काही नव्हते आणि पुढे हिवाळा होता. खातीही गाळाने बंद पडली होती. बाया घरे धुण्यात गुंतल्या होत्या. मग हिलालभाऊंनी धुतलेल्या साड्यांचा भारा अगाशीवर नेला, सुया-दोरे मांडले आणि सुकदेवांना हाक मारली. सुकदेव आले. त्यांच्यामागून आणखी तिघे आले. आठ आठ लूम चालवणारी ती माणसे उन्हात मांडी घालून बसली आणि वाकड्यातिकड्या धावदोऱ्यावरून एकमेकांची चेष्टा करू लागली. जिन्यातून डोकावून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हिवाळ्याआधी चाळीत अकरा गोधड्या तयार झाल्या. माझे नवे पदर सुकदेवांच्या बायकोच्या साड्यांचे आहेत. टाके कोणाकोणाचे आहेत, ते मलाही मोजता येणार नाही.

मित्रांनो, मला वर्षातून दोनदा कडक ऊन द्या, कोरड्या जागी ठेवा, एवढे केले तर मी पुष्कळ दिवस टिकेन. पण एक मागणे आणखी आहे. तुमच्याही घरात हाताने केलेले काहीतरी असेल. एखादा स्वेटर, एखादा रुमाल, माझ्यासारखी एखादी गोधडी. ते कोणी केले, कोणत्या दिवसांत केले, ते विचारून घ्या. कापड पुष्कळ वर्षे राहते. सांगणारे माणूस मात्र आज घरात आहे, तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा.