दोन बोटं कड

“आधी पोटात बघ गं! तोंडावर भाळलीस की फसलीस.”

मामाचा हा आवाज हॅटवालीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. दातांत टाचण्या धरून बोलायचा तो, त्यामुळे शब्द चिमटीतून सुटल्यासारखे यायचे. मामा जाऊन वीस वर्षं झाली. दुकान तिच्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर लाकडी साचे, वाफेची किटली, ब्रश आणि ही एक ओरड. हॅट हातात आली की आधी उलटी करायची, आतली चामड्याची पट्टी बघायची, मग बाकीचं रूपरंग. इतक्या वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. विसरली ती नेमकी त्या मंगळवारी.

त्या दिवशी दारातून आधी काठी आली, काठीमागून एक ठेंगणी म्हातारी, आणि तिच्यामागून, कुणीतरी ढकलल्यासारखा, छातीशी गोल खोका धरलेला एक उंच म्हातारा.

“छोट्या, खोका ठेव,” म्हातारी खुर्चीत बसत म्हणाली.

छोट्या शहात्तर वर्षांचा होता. दारातून येताना त्याला वाकावं लागलं होतं.

“अक्का, कशाला उगाच,” तो पुटपुटला. “त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो असतो की.”

“ते चपलांचं दुकान आहे!”

“हॅटापण ठेवतात ते.”

“ऐकलंस?” अक्का हॅटवालीला म्हणाली. “घरापासून हेच रडगाणं. इथे नको, तिथे जाऊ. जसा काही दात उपटायला आणलाय! हे बघ बाळ, रविवारी मी मुलीकडे राहायला चाललेय. कायमची. फार लांब आहे, परत येणं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. जायच्या आधी मला एकच सांग. ही हॅट किती वर्षांची?”

“कशासाठी हवंय, मावशी?”

अक्काने काठी मांडीवर आडवी घेतली. “आमचे बाबा जाऊन बहात्तर वर्षं झाली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, हा चारचा. बाबांची हॅट मला लख्ख आठवते. ही एवढी रुंद कड! कामावर निघताना ते वाकायचे, आणि त्या कडेखाली बाबा आणि मी, दोघंच. बाहेरचं ऊन बाहेर. कानात काहीतरी सांगायचे नि जायचे. पुढे आईने ती हॅट याच्या हवाली केली. मी लग्न होऊन गेले, वर्षाने माहेरी येते तो काय, खोक्यात हे बोडकं! म्हणे, हीच ती. मी काय आंधळी आहे? याने बाबांची हॅट हरवली, कुठल्या बाकावर विसरून आला, आणि गुपचूप ही दुसरी आणून ठेवली. छप्पन वर्षं विचारतेय, पण कबूल होईल तर शपथ.”

“ती बाबांचीच आहे,” छोट्या खिडकीकडे बघत म्हणाला.

“बघ. पोपट.”

हॅटवालीला हसू आलं, आणि हसता हसताच तिने हॅट खोक्यातून काढून मुठीवर चढवली. करडी, नीटस, ऐटबाज. जेमतेम दोन बोटं कड, करंगळीएवढी फीत. अशी हॅट तिने झोपेतही ओळखली असती.

“पंचावन्न ते साठ वर्षं,” ती म्हणाली. “त्या सुमारास बारीक कडेचं वेड आलं होतं. त्याआधी इतकी आखूड कड कुणी मागत नसे.”

बाबांना जाऊन बहात्तर वर्षं झाली होती. वजाबाकी तिघांनीही मनातल्या मनात केली.

आता म्हातारी टाळी वाजवणार, असं हॅटवालीला वाटलं. पण अक्काने चष्मा काढला आणि पदराने उगाच पुसत बसली. “म्हणजे हरवलीच,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, या खेपेला मी खोटी ठरेन. ठरले असते तर बरं झालं असतं.”

छोट्याने हॅट उचलली, खोक्यात ठेवली. “चला. झालं ना तुझ्या मनासारखं?”

तोंडावर खोटा ठरवलेला माणूस भांडतो, निदान तोंड तरी वाकडं करतो. याला मात्र दार गाठायची घाई झाली होती. हॅटवाली त्याच्या पाठीकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात मामा कानात कडाडला.

“थांबा काका! मी आत बघितलंच नाही.”

“आत काय बघायचंय?” छोट्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

पण तोवर तिने खोक्यातून हॅट काढून घेतली होती. तिने ती उलटी केली. आतली चामड्याची पट्टी चांगली रुंद होती, आणि मागे, मापाने आवळायला, बारीक दोरीची गाठ. बारीक कडेच्या दिवसांत अशी पट्टी कुणी लावत नव्हतं. तिने सुईने बाहेरची फीत जराशी सरकवली. फितीखाली आणि तिच्या वरही, मिळून तीन बोटं रुंद, किंचित गडद पट्टा दिसला, एके काळी ऊन न लागलेला. तिथे कधीकाळी ऐसपैस फीत होती. आताची तिच्या जागेत एका कडेला अंग चोरून बसली होती. कडेचा काठही कारखान्यातला नव्हता. कात्रीने कापून मागाहून दुमडलेला होता.

मग तिने चामड्याची पट्टी खाली वळवली. मामाच्या लक्षात गिऱ्हाइकांची नावं कधी राहायची नाहीत. तो पट्टीमागे पेन्सिलीने माणसाचं रूप लिहायचा आणि पुढे काम. इथेही लिहिलं होतं, पुसट पण वाचता येण्याजोगं: ‘लांब मान. कड कापणे, दोन बोटं ठेवणे. तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाला.’

तिने वर पाहिलं. लांब मान कॉलरमध्ये शिरत चालली होती. वरचे दोन डोळे तिला काकुळतीने विनवत होते.

हॅटवालीने पट्टी हलकेच सरळ केली. हॅटचं वय सांगणं तिचं काम होतं. हे तिचं नव्हतं.

“मावशी, चुकले मी. कड बघून बोलून गेले. ही हॅट सहज ऐंशीच्या घरातली आहे, तुमच्या बाबांच्याच काळातली. कड रुंद होती हिची, फीतही. नंतर कापलीये.”

अक्काने दोन्ही हात पुढे केले. हॅट मांडीवर घेतली आणि काठावरून बोट फिरवलं, सावकाश, गोल. मग बोट काठ सोडून बाहेर निघालं, हवेतच, आणखी तीन बोटं लांबून पुन्हा एक फेरी मारून आलं.

“इथपर्यंत होती,” ती म्हणाली. “कापली कुणी?”

प्रश्न हॅटवालीला होता. हॅटवाली किटलीत पाणी ओतायला लागली. किटली भरलेलीच होती, पाणी टेबलावरून ओघळून जमिनीवर टपटपायला लागलं.

छोट्याने खोका खाली ठेवला. बहिणीच्या खुर्चीशी तो गुडघे मोडून बसला, इतका खाली की आता अक्काच उंच दिसायला लागली.

“मी कापून घेतली, अक्का. इथेच. वीस वर्षांचा होतो, सगळ्या पोरांच्या कडा बारीक, मला मिरवायचं होतं. तुला बाबा आठवतात. मला नाही गं आठवत, मला ती नुसती एक जुनाट हॅट होती. घरी आणली आणि तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग कितीदा सांगायला तोंड उघडलं. पण तू म्हणायचीस हरवली, हरवली... तेव्हा निदान तुझ्या मनात तरी ती कुठेतरी अख्खी होती.”